तिसऱ्या हाकेला कोण जाणार?

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलाला बहुधा एकाच वेळी सांगतो, ते खोटं बोलताना सापडलं की. वहीतला बाईंचा शेरा लपवला, डब्यातला लाडू खाऊन धाकट्या भावाचं नाव घेतलं, की त्या रात्री गोष्ट ठरलेली. मेंढरं राखणारा पोरगा दोनदा गंमत म्हणून ओरडला, गाव दोनदा काठ्या घेऊन धावलं, तिसऱ्यांदा लांडगा खरंच आला तेव्हा कोणी फिरकलं नाही. ‘बघ, खोटं बोललं की असं होतं,’ असं म्हणून आपण गोष्ट संपवतो आणि मूल कूस बदलतं.

मला या गोष्टीतल्या गावाबद्दल लिहायचं आहे. मेंढरं काही त्या पोराच्या मालकीची नव्हती, ती गावाची होती. पोरगा खोटारडा ठरला हे खरं, पण तिसऱ्या हाकेला एक माणूस जरी टेकडीच्या कडेपर्यंत जाऊन डोकावला असता तरी कळप वाचला असता. आपल्या कळव्यात एका बाजूला खाडी आहे, दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर, आणि मधून रेल्वे जाते. इथे हाका रोज येतात. मुलाचा फोन येतो, सोसायटीच्या ग्रुपवर बिबट्याचा फोटो येतो, पावसाळ्याच्या तोंडावर डोंगरातल्या चाळींना पालिकेची नोटीस येते. आधी दोनदा पोकळ ठरलेल्या माणसाची किंवा यंत्रणेची हाक पुन्हा आली, तर काय करायचं ते आधीच ठरवलेलं असावं. ऐनवेळी ठरवायला गेलं की आपण त्या गावासारखेच वागतो.

सुरुवात घरापासून करू.

गोष्ट सांगा, पण वेळ बदला

ही गोष्ट मराठी मुलांना सांगितली जाते त्याला दोनशे वर्षं होऊन गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तंजावरच्या सरफोजी महाराजांच्या आश्रयाने इसापच्या कथा ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने मराठीत छापल्या गेल्या. पुढे १८२८ साली मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी शाळकरी मुलांसाठी ‘इसपनीतिकथा’ मराठीत आणल्या. तेव्हापासून खोटेपणावरचं औषध म्हणून आपण लांडग्याची गोष्ट देत आलो. औषध लागू पडतं का, हे मात्र फार उशिरा कोणी तपासलं.

कॅनडातले कांग ली, व्हिक्टोरिया तलवार आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये तीन ते सात वर्षांच्या २६८ मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. मुलाला पाठमोरं बसवायचं, मागे ठेवलेलं खेळणं नुसत्या आवाजावरून ओळखायला लावायचं, आणि मध्येच मोठ्या माणसाने ‘वळून बघू नकोस हं’ असं बजावून बाहेर जायचं. बहुतेक मुलं बघतातच. मग परत येऊन एक गोष्ट वाचून दाखवायची आणि विचारायचं, बघितलंस का? लांडग्याची गोष्ट ऐकलेली मुलं खरं बोलण्यात इतर मुलांपेक्षा पुढे गेली नाहीत. लाकडी पिनोकिओचं नाक वाढतं ती गोष्टही फुकट गेली. फरक पडला तो जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टीने. त्यात लहान मुलगा वडिलांचं झाड तोडल्याची कबुली देतो आणि वडील त्याच्या खरेपणावर खूश होतात. त्याच गोष्टीचा शेवट बदलून खरेपणाचं कौतुक काढून टाकलं, तेव्हा तिचाही परिणाम गेला.

यातून आपण घ्यायचं ते इतकंच, की मूल नुकतंच सापडलेलं असताना लांडगा काढू नये. त्या क्षणी ते भ्यालेलं असतं आणि भ्यालेल्या मुलाला त्या गोष्टीतून ‘सापडलास तर वाईट होईल’ एवढंच ऐकू येतं. मग पुढच्या वेळी ते अधिक हुशारीने लपवतं. त्या वेळी लागते ती दुसऱ्या जातीची गोष्ट, जिच्यात खरं सांगणाऱ्याला माया मिळते. आपल्याकडे अशी एक घडलेली गोष्ट आहेच. गांधीजींनी पंधराव्या वर्षी भावाच्या कड्यातला सोन्याचा तुकडा चोरला, मग राहवेना म्हणून चिठ्ठी लिहून आजारी वडिलांच्या हातात दिली. वडिलांनी वाचली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली. एक शब्द रागाने बोलले नाहीत. ही गोष्ट सांगा, आणि सांगितल्यावर स्वतः तसं वागायची तयारी ठेवा. ‘खरं सांग, काही म्हणणार नाही’ असं म्हणून खरं सांगितल्यावर चापट मारली, तर त्या घरात खोटा शब्द पहिल्यांदा मोठ्या माणसाने दिलेला असतो.

लांडग्याची गोष्ट एरवी, शांत वेळी सांगावी. सांगताना मुलाला विचारा, तो पोरगा का ओरडला? बहुतेक मुलं क्षणात सांगतात, ‘त्याला कंटाळा आला होता.’ दिवसभर एकटं टेकडीवर, बोलायला कोणी नाही. मुलांना कळतं ते मोठ्यांच्या लक्षात येत नाही, कारण आपण गोष्टीच्या शेवटाकडे धावत असतो.

‘आई, पोटात दुखतंय’

कळव्यातल्या कितीतरी घरांत संध्याकाळी चार ते आठ मूल एकटं असतं. आई दादरला किंवा फोर्टात, बाबा ऐरोलीला किंवा भिवंडीला. फास्ट गाडी इथे थांबत नाही, स्लो लोकलमध्ये चढायला मिळेलच असं नाही, त्यामुळे ‘आठला येते’ याचा अर्थ कधी साडेआठ तर कधी नऊ होतो. अशा घरातून फोन जातो, ‘आई, पोटात दुखतंय.’ आई ऑफिसात सांगून, धावतपळत येते आणि मूल टीव्हीसमोर बसलेलं सापडतं. पुन्हा आठवड्याने तेच. तिसऱ्या वेळी आई फोनवरच म्हणते, ‘नाटकं करू नकोस.’

आईचा संताप मला पूर्ण कळतो. अर्ध्या दिवसाची रजा, साहेबांचं तोंड, गाडीतली घुसमट, हे सगळं तिने भोगलेलं असतं. तरीही तिसऱ्या फोनला करायची गोष्ट एकच आहे. विश्वास बसत नसला तर ठेवू नका, पण बघायची व्यवस्था करा. विश्वास ठेवणं आणि जाऊन पाहणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं मनात आणून करता येत नाही, दुसरं नेहमी करता येतं. शेजारच्या काकूंना फोन करून ‘जरा डोकावता का’ म्हणायला दोन मिनिटं लागतात. मुलाला ‘खोटं बोलतोयस का’ हे विचारू नका, त्यावर उत्तर ठरलेलं असतं. ‘दुखतंय तिथे एक बोट ठेव,’ ‘उलटी झाली का,’ ‘उडी मारून दाखव बरं काकूंना’ असं विचारा. बेंबीभोवती सुरू झालेली कळ काही तासांत उजवीकडे खाली सरकली, सोबत ताप किंवा उलटी असली, उडी मारवत नसली, तर ते अपेंडिक्सचं दुखणं असू शकतं आणि तिथे रात्र काढायची नसते. आपल्याकडे पालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय कळव्यातच आहे.

दुखणं खोटं निघालं, तर त्या रात्री भांडण नको. दुसऱ्या दिवशी, जेवणं झाल्यावर, मुलाला खऱ्या कारणासाठी हाक मारायची वाट करून द्या. ‘नुसतं बोलायचं आहे’ एवढ्यासाठी फोन केला तरी चालेल, असं स्पष्ट सांगा. वेळ ठरवा. ‘घाटकोपर गेलं की मी फोन करते,’ असं म्हटलं तर रोज घाटकोपर गेल्यावर करा. एकाकी मुलाला आईशी बोलण्यासाठी आजाराचंच तिकीट लागत असेल, तर ते तिकीट आपणच त्याच्या हातात दिलेलं असतं. खरा फोन उचलला जातो हे दोन-तीन आठवडे अनुभवलं की खोट्या दुखण्याचे फोन बहुधा आपोआप कमी होतात. कमी झाले नाहीत तर डॉक्टर आणि शाळेतल्या समुपदेशकांशी बोला, कारण वारंवार पोट दुखणं हे मनातल्या भीतीचंही लक्षण असतं आणि ते दुखणं खरं असतं.

एका प्रकारच्या हाकेला तर आधीच्या खोटेपणाचा हिशेब लावूच नये. मूल म्हणालं, की अमुक माणूस मला आवडत नाही, त्याने हात लावला, व्हॅनमध्ये भीती वाटते, तर मागच्या महिन्यात त्याने मार्कांबद्दल काय थाप मारली होती ते त्या क्षणी विसरा. बदलापूर इथून फार दूर नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींची तक्रार नोंदवून घ्यायला झालेला उशीर आठवा. २० ऑगस्टला संतापलेले लोक रुळांवर उतरले आणि लोकल तासन् तास बंद राहिली, तेव्हा कुठे सगळ्यांचे डोळे उघडले. मुलांची तक्रार ‘लहान आहे, काहीतरी बोलतंय’ म्हणून बाजूला ठेवण्याची सवय आपल्या सगळ्यांत आहे. कायद्याने हे ओळखलं आहे. पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम २२ नुसार मुलाने केलेली तक्रार खोटी निघाली तरी मुलाला शिक्षा होत नाही. लहान मुलाला हाक मारायची भीती वाटू नये, म्हणून केलेली ही तरतूद आहे. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक मुलाला पाठ करून द्या आणि तो कशासाठी आहे हेही सांगा.

बिबट्या आला रे आला

कळव्यातल्या मुलाने लांडगा पाहिलेला नसतो, कदाचित मेंढरांचा कळपही नाही. बिबट्या मात्र त्याला ठाऊक असतो. २० फेब्रुवारी २०१९ ला पहाटे ठाण्याच्या कोरम मॉलमध्ये बिबट्या शिरल्याचं सीसीटीव्हीत दिसलं आणि पुढे जवळच्या हॉटेलात त्याला बेशुद्ध करून पकडलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेत चिंचपाडा भागात बिबट्या इमारतीत घुसला आणि माणसं जखमी झाली. येऊरचं जंगल आणि आपण यांच्यात फक्त शहर आणि खाडी आहे. पारसिकच्या उतारावरच्या एका वस्तीचं नावच वाघोबानगर आहे. त्यामुळे ‘बिबट्या आला’ ही हाक इथे हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

पण ती हाक आता फार स्वस्त झाली आहे. २०२५ च्या शेवटी पुणे जिल्ह्यात शिरूर-जुन्नर पट्ट्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं मरत होती, लहान मुलं मरत होती, आणि त्याच दिवसांत कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले बिबट्यांचे फोटो आणि व्हिडिओ गंमत म्हणून पुण्याच्या सोसायट्यांच्या नावाने फिरत होते. वनविभागाला त्याबद्दल ताकीद द्यावी लागली. वनरक्षकांची गाडी खोट्या ठिकाणी धावते, तेवढा वेळ खऱ्या ठिकाणी कोणी नसतं. मोबाइलवर दहा सेकंदांत बनवलेल्या त्या फोटोची किंमत दुसऱ्या कोणाच्या तरी उसाच्या शेतात मोजली जाते. हे करणाऱ्यांविषयी मला अजिबात सहानुभूती वाटत नाही.

असा संदेश तुमच्यापर्यंत आला तर तो पुढे पाठवण्याआधी पाठवणाऱ्याला विचारा, ‘तुम्ही स्वतः पाहिलं का? कुठे? किती वाजता?’ या तीन प्रश्नांची उत्तरं नसतील तर संदेश तिथेच थांबू द्या. संदेशावर दोन बाणांची खूण असेल तर तो हातोहात खूप फिरलेला आहे, म्हणजे पाठवणाऱ्याने पाहिलेलं असण्याची शक्यता नाही. फोटोत आपल्या भागातली पाटी, कठडा, रंग ओळखीचा आहे का ते बघा. तुम्ही स्वतः काही पाहिलं असेल तर ग्रुपच्या आधी वनविभागाच्या १९२६ वर किंवा ११२ वर फोन करा. पाऊलखुणा दिसल्या तर शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढा. कुत्र्याच्या पावलात पुढे नखांच्या खुणा उमटतात, बिबट्याच्या पावलात त्या सहसा नसतात. निम्म्या अफवा इथेच मिटतात.

इथे खोटं आणि चूक यांत फरक करायलाच हवा. रात्रपाळीच्या वॉचमनला अंधारात मोठा कुत्रा किंवा उदमांजर दिसलं आणि त्याने शिट्टी वाजवली, तर तो त्या मेंढपाळाच्या पोरासारखा नाही. त्याने त्याचं काम केलं. दुसऱ्या दिवशी त्याला ‘काय मामा, वाघ पकडलात का?’ म्हणून चिडवलंत, तर पुढच्या वेळी तो खात्री होईपर्यंत थांबेल, आणि खात्री व्हायला जनावर फार जवळ यावं लागतं. त्याला सगळ्यांसमोर सांगा, ‘बरं केलंत उठवलंत ते.’ ज्याने मुद्दाम खोटं पसरवलं त्याच्याशी वेगळं वागा. त्याने ज्या ज्या ग्रुपवर टाकलं, त्या प्रत्येक ग्रुपवर त्याच्याच हाताने ‘तो संदेश खोटा होता’ असं लिहून घ्या. नुसतं खोडून टाकलेलं पुरेसं नाही, कारण खोडण्याआधी पन्नास जणांनी वाचलेलं असतं आणि त्यातल्या दहा जणांनी पुढे ढकललेलं असतं. आपत्तीबद्दल खोटी हाकाटी करून घबराट पसरवली तर आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५४ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे ग्रुपच्या ॲडमिनने वर्षातून एकदा सगळ्यांना सांगावं.

खोट्या हाकेने माणसं हाकेला जाणं सोडतात, हा इसापचा मुद्दा. तिच्यावर लोक न बघता धावून जातात, हा त्याहून भयंकर प्रकार आपण महाराष्ट्रात पाहिला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. २२ जानेवारी २०२५ ला पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली, साखळी ओढल्याने गाडी थांबली, घाबरून उतरलेल्या प्रवाशांना शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसने चिरडलं आणि किमान बारा जण गेले. दोन्हीकडे कोणीतरी एकाने जाऊन बघायला हवं होतं. रोज लोकलने जाणाऱ्यांसाठी यातला धडा ठरलेला आहे. डब्यात ओरडा झाला तर आधी धूर किंवा वास येतोय का ते पाहा. गाडी थांबली तरी शेजारच्या रुळाच्या बाजूने कधीच उतरू नका. आग नजरेसमोर असेल तर तिच्यापासून दूर सरका. मौजेसाठी साखळी ओढणाऱ्याला रेल्वे कायद्याच्या कलम १४१ खाली शिक्षा आहे, पण खऱ्या संकटात साखळी ओढायला कचरू नका. मदतीसाठी १३९ आहे.

डोंगरातली नोटीस

आता ज्याबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते तिकडे येतो.

कळवा पूर्वेला पारसिकच्या उतारावर घोलाईनगर, भास्करनगर, आतकोनेश्वरनगर, वाघोबानगर अशा वस्त्या एकावर एक चढत गेल्या आहेत. पावसाळा जवळ आला की पालिकेच्या नोटिसा येतात, घरं रिकामी करा, दरडीचा धोका आहे. जून जातो, जुलै जातो, डोंगर जागेवर असतो. पुढच्या वर्षी तीच नोटीस. पाचव्या वर्षी ती वाचायलाही कोणी थांबत नाही. १९ जुलै २०२१ ला घोलाईनगरात दरड एका घरावर आली आणि एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा जीव गेला.

इथे ओरडणारा खोटं बोलत नसतो, तरी ऐकणाऱ्यांच्या लेखी तो खोटा ठरतो. रहिवाशांना दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. नोटीस आली म्हणून घर सोडायचं तर जायचं कुठे, भाडं कोण देणार, मागे सामानाचं काय, आणि एकदा बाहेर पडलो तर हे घर परत मिळेल का, हे प्रश्न खरे आहेत. धोकादायक ठरवणं हा घर काढून घेण्याचा डाव आहे अशी शंका अनेकांना येते, आणि ती शंका दूर करणं नोटीस देणाऱ्याचं काम आहे. जिला आपण मेंढपाळाच्या जागी बसवलं आहे त्या यंत्रणेकडून रहिवाशांनी तीन गोष्टी लेखी मागाव्यात. धोका नेमका कशामुळे आहे, म्हणजे उतार, सुटे दगड, अडलेला नाला, काय ते. तात्पुरतं राहायला कोणती शाळा किंवा सभागृह ठरलं आहे. आणि घर सोडल्याने घरावरचा हक्क जात नाही याबद्दल स्पष्ट उत्तर. प्रभाग समितीत अर्ज देऊन पोच घ्या, एकेकट्याने न जाता चाळीच्या वतीने जा. आणखी एक मागा, जे कोणी देत नाही, ते म्हणजे पाऊस ओसरल्यावरची सूचना. ‘आता परत जायला हरकत नाही, आम्ही अमुक कारणाने सांगितलं होतं, या वेळी अमुक झालं नाही,’ एवढं सांगितलं तर पुढच्या वर्षीच्या नोटिशीला वजन येतं. इशारा देऊन गप्प बसणारा आपणहून आपली हाक हलकी करतो.

हवामान खात्याच्या रंगांबाबतही तसंच आहे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा. लाल इशाऱ्याच्या दिवशी शाळांना सुट्टी मिळते, कळव्यात ऊन पडतं, आणि हवामान खात्याची थट्टा सुरू होते. पण इशारा अख्ख्या ठाणे जिल्ह्याला असतो आणि जिल्हा खाडीपासून मुरबाड-शहापूरच्या घाटापर्यंत पसरलेला आहे. त्या दिवशी शहापुरात कोसळलेला पाऊस आपल्या खिडकीतून दिसत नाही. २०४.४ मिलिमीटरहून जास्त पाऊस एका दिवसात पडला की त्याला सगळ्यांत वरच्या वर्गात टाकतात, आणि तो कुठल्या तालुक्यात पडेल हे आदल्या दिवशी बोट ठेवून सांगता येत नाही. धोक्याच्या यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहावं असंही नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गाडली गेली, ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं तेव्हा सरकारनेच विधिमंडळात सांगितलं होतं.

म्हणून डोंगराखाली राहणाऱ्यांनी स्वतः बघायला शिकायला हवं. यादी आणि रंग दुसऱ्याच्या हातात आहेत, डोळे आपले आहेत. घरामागच्या उतारावर किंवा जमिनीत नवी भेग दिसली, भिंतीची जुनी भेग रुंदावली, दार अचानक चौकटीत अडकायला लागलं, विजेचा खांब किंवा झाड कललं, उतारावरून येणारं पाणी एकाएकी गढूळ झालं, किंवा कधी नव्हतं तिथून पाझर फुटला, तर नोटिशीची वाट बघू नका. वाहतं पाणी अचानक थांबलं तर तेही वाईट लक्षण आहे, वर कुठेतरी ते साठत असतं. भेगेच्या दोन्ही बाजूंना खडूने किंवा रंगाने खूण करून तारीख लिहा आणि रोज अंतर मोजा. चार दिवसांत वाढलेली भेग कोणत्याही भाषणापेक्षा लवकर शेजाऱ्यांना पटते, आणि पालिकेला पाठवायला पुरावाही होतो.

सलग पाऊस असेल त्या रात्री चाळीने पाळी लावावी. दोन-दोन तासांनी दोघं जण बॅटरी घेऊन मागचा उतार बघून येतील. धोका सांगायला एक शिट्टी ठेवा आणि ती दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरू नका, गोविंदाच्या सरावाला नाही आणि पोरांच्या क्रिकेटलाही नाही. शिट्टी वाजली की काय करायचं याचा मे महिन्यात भर दिवसा एकदा सराव घ्या, म्हणजे कोणत्या गल्लीने उतरायचं, म्हाताऱ्या माणसांना कोण उचलणार, कुठे जमायचं हे कळेल. शिट्टी वाजली आणि डोंगर हलला नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना बोलावून पाळीवाल्याने काय पाहून ती वाजवली ते दाखवावं. दगड सुटला होता का, पाणी आलं होतं का? लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी ते पाहिलं, तर ‘उगाच उठवलं’ असं कोणी म्हणत नाही. ज्याने पाळी न करताच ‘बघून आलो’ म्हणून सांगितलं, त्याला पुन्हा पाळी द्या, पण सोबत दुसरा माणूस द्या आणि वरून मोबाइलने फोटो पाठवायला सांगा. गेलेला विश्वास असाच परत येतो, तपासता येईल अशा छोट्या कामांतून. ‘आता माझ्यावर विश्वास ठेवा’ असं कितीही म्हटलं तरी येत नाही. घरात थापा मारणाऱ्या मुलाला आणि उसने घेऊन तारखा चुकवणाऱ्या भावकीलाही हाच रस्ता लागू आहे. मोठं वचन मागू नका, बघता येईल असं लहान काम द्या, ते झालं की झालं म्हणा.

हे सगळं जूनच्या आधी करायचं आहे. आधारकार्ड, रेशनकार्ड, घराची कागदपत्रं, मुलांचे दाखले आणि औषधांच्या चिठ्ठ्या एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळच्या खिळ्याला लावा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७, अग्निशमन दलाचा १०१ आणि ११२ हे आकडे चाळीच्या जिन्यात, मुलांच्या उंचीवर, ऑइलपेंटने लिहा. पाळीची यादी तिथेच खाली लावा, आणि पहिल्या रात्रीच्या पाळीत तुमचं नाव लिहा.